लोहारकाम शिकायचंय? आधी आग ओळखा, सुरी नंतर

लोहारकामाची हौस लागलेल्या बहुतेकांच्या डोक्यात पहिल्या दिवशी सुरी असते. साताऱ्याकडं तर थेट तलवार. ही ओढ मला कळते, पण सुरी हा या कामातला बराच पुढचा टप्पा आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ते किती तापलंय हे ज्याला सांगता येतं, त्याला बाकीचं सगळं हळूहळू जमतं. रंग कळत नसेल तर भारीतली हत्यारं घेऊनही टोकं जळतात आणि पाती तडकतात. म्हणून या लेखाचा क्रम असा ठेवलाय: आधी आग, मग हातोडा, मग एक आकडा (म्हणजे हूक), मग एक खुरपं. एवढं हाताखालून गेलं की सुरी.

आधी लोहाराच्या दारात उभे राहा

एक रुपयाही खर्च करण्याआधी जवळच्या लोहाराकडं जा. कराड, तासगाव, विटा, वडूज, कुठंही बाजाराच्या गावात चौकशी केलीत तर भट्टी सापडते. नाहीतर रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेलं घिसाड्याचं बिऱ्हाड दिसतं. तिथं बाईमाणसं घण मारताना नीट बघा. घण दंडाच्या जोरावर उचललेला नसतो, तो अंगाच्या झोकानं वर जातो आणि स्वतःच्या वजनानं खाली येतो. मुख्य कारागीर लहान हातोड्यानं जागा दाखवतो, घण तिथंच पडतो. लहान हातोडा ऐरणीवर आडवा वाजला की घण थांबतो. हे सगळं न बोलता चालतं.

वेळ बघून जा. मृगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस फाळ आणि कुळवाच्या फासा शेवटायला (ठोकून पुन्हा टोक-धार काढायला) रांग असते, आणि दसरा-दिवाळीला उसाची तोड तोंडावर आली की कोयत्यांची. त्या दिवसांत लांबून बघावं, प्रश्न विचारू नयेत. गर्दी ओसरली की, "मामा, चार दिवस भाता मारायला येऊ का?" असं सरळ विचारा. फुकट शिकवा म्हणू नका. त्यांचा वेळ म्हणजे त्यांची मजुरी आहे, ती द्या. ऐरणीवर बसू नका, पाय ठेवू नका. खंडेनवमीला तिची पूजा होते.

भाता किंवा ब्लोअर चालवण्याचं काम हलकं समजू नका. वारा किती दिला की रंग किती वेळात चढतो, हे तिथंच डोळ्यांत बसतं. आणि हो, त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती नसेल तर जरूर सांगा. 2023 साली सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 पारंपरिक व्यवसायांत लोहार आहेत, आणि प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. ती आपल्यासारख्या हौशींसाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.

जागा आणि कपडे

जागा उघडी पण सावलीची हवी. उन्हात लाल लोखंड काळं दिसतं आणि रंगाचा अंदाज पार चुकतो, म्हणून पत्र्याच्या छपराखाली किंवा संध्याकाळी काम करा. बंद खोलीत भट्टी कधीच पेटवू नका. कोळशाच्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. कडब्याची गंज, गोठा, वाळलेलं पाचट यांच्यापासून लांब राहा. माण-खटावच्या वाऱ्यात एक ठिणगी फार लांब जाते. जमीन मातीची असलेली उत्तम. तापलेलं लोखंड सिमेंटच्या कोब्यावर पडलं तर कोबा तडकून कपचे उडतात. बादलीभर पाणी आणि घमेलंभर वाळू हाताशी ठेवा.

कपडे सुती. टेरिकॉट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात. पायात चामड्याचे बूट, आणि पॅन्टचा पाय बुटाच्या वरून घ्या, आत खोचू नका, नाहीतर ठिणगी बुटात जाते. ओढणी, पदर, मोकळे केस, अंगठी नको. चष्मा कायम, अगदी दोन ठोके मारायचे असले तरी. कानात बोळे घाला. हातोड्याच्या हातात मोजा घालू नका, पकड सुटते.

सगळ्यात जास्त भाजतं ते लाल लोखंडानं नाही, काळ्या लोखंडानं. चारशे अंशावरचं लोखंड उजेडात अगदी गार दिसतं. जमिनीवर पडलेला कुठलाही तुकडा उचलण्याआधी हाताची मागची बाजू लांबूनच जवळ न्या, धग लगेच कळते. भाजलंच तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवलेलं बरं.

घमेल्याची भट्टी

तयार भट्टी विकत घ्यायची गरज नाही. बांधकामावरचं मोठं लोखंडी घमेलं घ्या आणि एका बाजूला, तळापासून साधारण तीन इंचांवर, एक इंची पाइप जाईल एवढं भोक पाडा. पाइप काळाच घ्या. जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. तो तापला की पांढरा धूर निघतो, आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. याच कारणानं जीआय पत्रा, जीआय तार, मुलामा दिलेले नटबोल्ट भट्टीत टाकायचे नाहीत.

आतून मातीचं अस्तर द्या. काळ्या रानाची माती वाळताना भेगाळते, तिच्या नादी लागू नका. वारुळाची किंवा कुंभाराची माती, निम्मी वाळू आणि थोडी चाळलेली राख घट्ट मळून तळाला व कडांना दोन-दोन इंच थापा. मधे चार-पाच इंच रुंद लांबट खळगा ठेवा. पाइपचं तोंड मातीच्या भिंतीशी समपातळीत, खळग्याच्या तळापासून इंचभर वर राहू द्या. सावलीत पाच-सहा दिवस वाळवा, नंतर काटक्यांचा लहान जाळ तासभर करा. ओल्या मातीवर एकदम कोळशाची आग केली तर आतल्या वाफेनं ढपले उडतात.

वाऱ्यासाठी हातानं फिरवायचा ब्लोअर सर्वात चांगला, कारण तुम्ही थांबलात की आग थांबते. विजेचा असेल तर रेग्युलेटर लावा. काम थांबवताना ब्लोअर पाइपपासून वेगळा करून ठेवा. दगडी कोळसा वापरत असाल तर कोळशातला वायू उलटा ब्लोअरमध्ये साठतो आणि पुन्हा वारा दिला की भडका उडतो.

शिकाऊ माणसानं लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा घ्यावा. तो स्वच्छ जळतो, धूर कमी, गंधक नाही. ठिणग्या मात्र जास्त उडतात आणि तो लवकर संपतो. तुकडे लिंबाएवढे करून घ्या, भुकटी चाळून टाका. दगडी कोळशाची आग जास्त वेळ टिकते, पण सुरुवातीला पिवळट दाट धूर येतो. शेजाऱ्यांची भिंत लागून असेल तर तो विचार सोडा. गॅसची भट्टीही चालते, पण घरातला 14.2 किलोचा सिलिंडर यासाठी वापरता येत नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. आग ओळखायला शिकायचं असेल तर पहिलं वर्ष कोळशावरच काढा, असं माझं ठाम मत आहे.

ऐरण, हातोडा, सांडशी

ऐरणीसाठी सगळे रुळाचा तुकडा शोधतात. भंगारात मिळालेला रूळ घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल 1966 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो तुकडा कुठून आला हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. त्यापेक्षा मिरज, कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीच्या आसपासच्या भंगारात प्रेसची जुनी डाय, जाड शाफ्टचा तुकडा, किंवा पोलादी ठोकळा शोधा. पंचवीस-तीस किलोचा, वरून सपाट ठोकळा उभा करून ठेवला की काम भागतं. एका कडेला ग्राइंडरनं गोलाई द्या, उरलेल्या कडा धारदार राहू द्या. बिडाची (ओतीव लोखंडाची) ऐरण स्वस्त मिळते, पण घेऊ नका. बीड घणाखाली फुटतं आणि ठोका परत देत नाही. घेण्याआधी परीक्षा सोपी आहे: लहान हातोडा वीतभर उंचीवरून नुसता सोडा. चांगल्या पोलादावर तो उसळतो, बिडावर मेल्यासारखा पडतो.

ठोकळा बाभळीच्या बुंध्यात बसवा. वखारीत बुंधा मिळतो. फूट-दीड फूट जमिनीत गाडा. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून मूठ वळली की बोटांची पेरं ऐरणीला टेकावीत. आपले जुने लोहार बसून काम करतात, त्यांची ऐरण जमिनीलगत असते. बसून कामाची सवय नसेल तर उभ्यानं शिका, कमरेचं भलं होईल.

हातोडा एक किलोच्या आतला. दोन किलोचा घेतलात तर पंधरा मिनिटांत मनगट जाईल आणि ठोके वाकडे पडायला लागतील. दुकानातून आणलेल्या हातोड्याच्या तोंडाची कड तीक्ष्ण असते, ती तशीच राहिली तर लोखंडावर चंद्रकोरी उमटतात. ग्राइंडरनं कडा गोल करा, तोंड पॉलिश पेपरनं घासा. दांडा आणि पाचर रोज तपासा.

सांडशी लोहाराकडूनच करून घ्या. एक आठ-दहा मिलीमीटरच्या सळीसाठी, एक कमानपाट्यासाठी (गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी). ढिली सांडशी फार धोक्याची. पण पहिले काही आठवडे तिची गरजच पडू नये, म्हणून दोन-अडीच फूट लांबीच्या सळ्या घ्या आणि दुसरं टोक हातात धरून काम करा.

कुठलं लोखंड घ्यायचं

सरावाला साधी एमएसची (माइल्ड स्टील, मऊ लोखंड) चौकोनी सळी, आठ आणि दहा मिलीमीटर, फॅब्रिकेशनच्या दुकानातून नवीन घ्या. बांधकामाची टीएमटी सळी स्वस्त वाटते, पण तिचा बाहेरचा थर कारखान्यातच पाण्यानं कडक केलेला असतो आणि आतला गाभा मऊ असतो. त्यात कार्बनही कमी, त्यामुळं धार धरत नाही. धारेच्या कामाला जीपचा किंवा टेम्पोचा जुना कमानपाटा घ्यावा. त्यात कार्बन साधारण अर्धा ते 0.6 टक्के असतो. ट्रकचा पाटा हातानं पसरवणं नवख्याला झेपत नाही. पाटा घासून बारकाईनं बघा, केसाएवढी चीर असली तरी तो तुकडा बाजूला टाका.

बीड भट्टीत घालू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले, म्हणून आपल्या भागात जुन्या नांगरांचे ओतीव तुकडे अजून सापडतात. ओतलेलं बीड तापवून ठोकलं की भुगा होतं. ओळखायला ग्राइंडर लावा: बिडाच्या ठिणग्या आखूड, मंद लाल. साध्या लोखंडाच्या लांब आणि सरळ. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना टोकाला फाटे फुटतात.

बंद पाइप, शॉकअॅब्झॉर्बर, झाकण असलेला कुठलाही पोकळ भाग आगीत घालू नका. तो फुटतो.

रंग

आता मुख्य गोष्ट. पाइपचं तोंड झाकेल एवढा कोळसा भरा, काटक्या आणि खोबऱ्याच्या करवंटीनं पेटवा, मंद वारा द्या. लोखंड पाइपच्या तोंडासमोर खुपसू नका. तिथं न जळलेली हवा असते, ती लोखंड खाते आणि जाड काळी खपली धरते. सळी आडवी ठेवा, तिच्याखाली तीन-चार इंच पेटता कोळसा आणि वरूनही कोळशाचं पांघरूण.

सावलीत सहाशे अंशांच्या आसपास मळकट लाल दिसतं. तिथं ठोकायचं नाही. सातशेला गडद लाल, आठशे-साडेआठशेला कुंकवाचा लाल, नऊशे ते हजारला केशरी, अकराशेच्या आसपास पिवळा. साधं लोखंड पिवळ्यावर बाहेर काढा आणि गडद लाल होईतो ठोका. कमानपाटा केशरीवरच काढा, पिवळ्यापलीकडे नेऊ नका. पांढरट रंग येऊन लोखंडातूनच फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर ते जळलं. जळलेला भाग पुन्हा जुळत नाही, कापून टाका.

डोळा तयार करायला भंगारातल्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून भट्टीशेजारी टांगा. साधारण 770 अंशांना लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं. सळी तापवा, काढा, चुंबकाला लावा, पुन्हा तापवा. चिकटणं सुटलं त्या क्षणीचा रंग तुमच्या जागेत, तुमच्या उजेडात कसा दिसतो ते मनात ठेवा. काही संध्याकाळी फक्त एवढंच करा. काहीही बनवू नका. हा सराव कंटाळवाणा वाटतो, आणि तोच टाळणारे पुढं पाणी देताना, म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून कडक करताना, अडकतात.

पहिलं काम: आकडा

आठ मिलीमीटरची चौकोनी सळी घ्या. टोकाचे दोन इंच पिवळे करा. सळीची मागची बाजू जरा उचला, टोक ऐरणीच्या कडेशी ठेवा आणि हातोडाही तेवढाच कलता मारा. एक-दोन ठोके, मग सळी पाव वळवा, पुन्हा एक-दोन ठोके. कायम दोनच बाजू आलटून-पालटून. टोक निमुळतं होईपर्यंत ते चौकोनीच ठेवा. नंतर कोपरे मारून अष्टकोनी करा, मग गोल. थेट गोल ठोकत गेलात तर आतून चीर जाते.

कोपर शरीराजवळ, पकड सैल, हातोडा उंचीवरून पडू द्या. तीन-चार ठोके मारून थांबा, बघा, मग पुढचे. रंग उतरला की हावरेपणा न करता परत भट्टीत. टोकाला पोकळ खाच पडली तर लोखंड गार होतं किंवा ठोके हलके होते, असं समजा. तेवढं टोक छिन्नीनं उडवून पुन्हा सुरू करा. काठ वळून त्याची घडी पडली तर ती आत ठोकू नका, कानशीनं लगेच घासून काढा.

आता टोकाचा अर्धा इंच ऐरणीच्या कडेबाहेर काढून हलक्या ठोक्यांनी खाली वळवा, सळी उलटी करून तेच टोक आत गुंडाळा. मग तीन इंच तापवून गोल कडेवर किंवा जाड पाइपवर वळवा, आकड्याचा बाक तयार होतो. सात इंचांवर छिन्नीनं तोडा. छिन्नी आरपार जाऊन ऐरणीला लागू नये म्हणून खाली एमएसची पट्टी ठेवा. आता सांडशीनं धरून दुसरं टोक उलट्या दिशेनं तसंच करा.

असे आकडे करत राहा, दोन आकडे शेजारी टांगून वेगळे ओळखू येईनासे होईपर्यंत.

दुसरं काम: खुरपं

खुरप्यात सगळं येतं: लांबवणं, रुंदावणं, वाकवणं, पाणी देणं. आणि चुकलं तरी बागेत चालतं.

पाटा आधी मऊ करा. चुंबक सोडेपर्यंत तापवून राखेच्या डब्यात रात्रभर पुरून ठेवा. सकाळी हॅकसॉनं कापता येतो. सहा इंच लांब, दीड इंच रुंद तुकडा पुरे. एका टोकाची दोन-अडीच इंचांची बाजू ऐरणीच्या कडेवर दाबून खांदा पाडा आणि ती लांबवून मुठीत जाणारी निमुळती शेपटी काढा. उरलेला भाग हातोड्याच्या चोचीनं (निमुळत्या बाजूनं) आडवा मारत रुंद करा, मग सपाट तोंडानं सारखा करा. पाटा गडद लाल झाल्यावर एकही ठोका नको, चीर तिथंच जाते. पात्याला हलका बाक द्या, शेपटी वाकवा. धार लगेच पातळ करू नका. काठ एक मिलीमीटर जाड ठेवा, नाहीतर पाणी देताना तो वेडावाकडा होतो.

त्यानंतर पातं चुंबक सोडण्याच्या जरा पुढं तापवून हवेतच गार होऊ द्या, तीनदा. ठोकून पोलादात आलेला ताण यानं निघतो.

पाणी देणं

कमानपाट्याला पाण्यापेक्षा तेल मानवतं, पाण्यात तडकण्याचा धोका जास्त. झाकणाच्या लोखंडी डब्यात खाद्यतेल घ्या, तापलेला सळईचा तुकडा बुडवून ते हाताला चांगलं गरम लागेल इतपत, पन्नास-साठ अंश करा. जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी. पातं सारख्या कुंकवाच्या लालीवर आणा, चुंबकानं खात्री करा, धारेच्या बाजूनं सरळ बुडवा आणि पुढं-मागं हलवा. डावी-उजवीकडं हलवलंत तर वाकतं. ज्वाला उठली तर पातं पूर्ण आत जाऊ द्या, झाकण हाताशी असू द्या.

गार झाल्यावर काठावर कानस फिरवा. ती घसरली तर पोलाद कडक झालं. आता ते काचेसारखं ठिसूळ असतं, पडलं तरी तुटेल, म्हणून त्याच दिवशी पुढचं करा. पातं पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, जाड लोखंडी ठोकळा लाल तापवून त्यावर पात्याची पाठ ठेवा. पाठीकडून रंग धारेकडं सरकत येतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. खुरप्याला दगड लागतात, म्हणून धार जांभळी झाली की, साधारण 280 अंशांना, उचलून पाण्यात टाका. सुरीला फिकट पिवळाच पुरतो. तिथं घरचा ओटीजी (विजेचा ओव्हन) 200 ते 220 अंशांवर एकेक तास दोनदा लावला तरी चालतं.

लोहारमामा हे सगळं एकाच तापात करतात. फक्त धार पाण्याला लावतात, उचलून दगडावर घासतात, आणि आत उरलेल्या उष्णतेनं रंग परत चढताना बघून नेमक्या क्षणी पुन्हा बुडवतात. जवळ उभं राहून हे बघायला मिळालं तर दुसरी सगळी कामं सोडून जा.

मूठ बसवताना शेपटी लाल करून भोक पाडलेल्या लाकडात थोडी थोडी जाळत उतरवा आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी घाला, म्हणजे लाकूड फाटत नाही. गंज लागू नये म्हणून पातं हाताला चटका बसेल इतपत गरम करून जवसाचं तेल पुसा. मात्र त्याआधी काढलेला रंग बिघडेल एवढं तापवू नका. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

आणि तलवार

नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात, आणि ती बनवायलाही परवाना लागतो. घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारं यातून वगळलेली आहेत, म्हणून विळा, खुरपं, उसाचा कोयता, स्वयंपाकघरातली सुरी निर्धास्त करा. खुरप्यानंतर मी भाजीची चार इंची सुरी सुचवीन, त्याच पाट्याची, आणि तिच्यानंतर स्वतःच्या हातानं केलेली सांडशी. दोन्ही बाजू सारख्या उतरून खिळा घट्ट पण फिरता बसवणं हे सुरीपेक्षा अवघड आहे.